तळ्याचा गाळ काढण्याआधी एक शंका: जिवाणूंच्या लिपिडवरून जुनं हवामान खरंच कळतं?

तळेकाठी
आमच्या वाड्यावरच्या तळ्याचा गाळ यंदा पावसाआधी काढायचं ठरलंय. (गाव गोव्याच्या तिसवाडी तालुक्यातला, यापेक्षा जास्त सांगत नाही, नाहीतर ग्रामसभा इथेच भरेल.) ठराव झाला, जेसीबीवाल्याशी बोलणी झाली. मला आनंदच आहे. एप्रिल उजाडला की तळ्यात गुडघाभर पाणी उरतं आणि वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, शेवटच्या पाण्यावरून दरवर्षी भांडणं होतात.

पण भाची भूशास्त्र शिकते. ती परवा जेवताना म्हणाली, "मामा, त्या गाळात जिवाणूंची लिपिडं असतात. त्यावरून हजारो वर्षांपूर्वीचं तापमान काढतात. तुम्ही ते सगळं माडांच्या आळ्यांत ओतणार?" मी म्हटलं, माडांची काही तक्रार येणार नाही. ती रागावली.

तर जाणकारांना विचारतो. जिवाणूच्या चरबीवरून तापमान कसं कळतं? आणि आमच्या तळ्यासारख्या ठिकाणी असलं काही शिल्लक असेल का? गाळ काढूच नका असा सल्ला कृपया नको, तो निघणारच आहे.

सुशेगाद_नाही
आता जैवविविधता समितीबरोबर जिवाणूंचाही ना-हरकत दाखला लागणार तर.

रसायनवाली
माझं रोजचं काम याच लिपिडांचं, म्हणून जरा लांबण लावते.

प्रत्येक पेशीभोवती लिपिडचा पडदा असतो. तो ताठ झाला की पेशीची देवघेव थांबते आणि फार पातळ झाला की गळती लागते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, तोच पेच जिवाणूपुढेही असतो. काही जिवाणू त्यावर उपाय म्हणून लिपिडच्या लांब कार्बन-साखळ्यांवर मिथाइलच्या छोट्या फांद्या वाढवतात. फांद्या मध्ये आल्या की साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगू शकत नाहीत आणि पडदा सैल राहतो. थंडीत फांद्या जास्त, उष्म्यात कमी. एका रेणूवर चार, पाच किंवा सहा.

या रेणूंचं नाव ब्रँच्ड जीडीजीटी. पूर्ण नाव लिहीत नाही, धागा वाचणारे पळून जातील. यांच्यात साखळ्या ग्लिसरॉलला ईथर बंधांनी जोडलेल्या असतात. आपल्या तेला-तुपात असतात ते एस्टर बंध, ते लवकर तुटतात. ईथर बंध चिवट. जिवाणू मरतो, प्रथिनं कुजतात, डीएनएचे तुकडे होतात, पण हा सांगाडा गाळात राहतो. लाखो वर्षांच्या गाळातही सापडतो.

प्रयोगशाळेत गाळ गोठवून सुकवतो, डायक्लोरोमिथेन आणि मिथेनॉलमध्ये लिपिड उतरवून घेतो, ॲल्युमिनाच्या बारक्या स्तंभातून नको ते वेगळं करतो आणि उरलेलं द्रव-क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतो. संगणकावरच्या आलेखात चार फांद्यांच्या रेणूचं शिखर १०२२ वस्तुमानाला दिसतं, पाचांचं १०३६ ला, सहांचं १०५० ला. दर फांदीमागे १४ ची वाढ, म्हणजे एक कार्बन आणि दोन हायड्रोजन. या शिखरांखालची क्षेत्रफळं मोजायची आणि त्यांचं गुणोत्तर काढायचं. त्या गुणोत्तरावरून तापमान.

आधी ही लिपिडं पीटमध्ये, म्हणजे दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, ओळखली गेली. २००७ साली डच संशोधक वायर्स आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या मातीचे नमुने घेऊन फांद्यांचं आणि तापमानाचं नातं मांडलं. त्याच वर्षी त्यांनी काँगो नदीच्या मुखासमोरचा समुद्रगाळ वापरून मध्य आफ्रिकेचं गेल्या २५,००० वर्षांचं तापमान काढलं. हिमयुगात साधारण २१ अंश, नंतर चढत २५ च्या आसपास. तोवर उष्ण कटिबंधातल्या जमिनीचं जुनं तापमान आकड्यात सांगणारी साधनं फारच थोडी होती.

निवृत्त_मास्तर
उत्तम लिहिलंत. पण मी गणित शिकवलंय, म्हणून विचारतो. या 'तापमापका'ची चूक किती? पणजीत अल्तिनोवरच्या वेधशाळेतल्या पाऱ्याला आपण दशांश विचारतो. इथे काय विचारायचं?

रसायनवाली
@निवृत्त_मास्तर, तळ्यांसाठीची जी जागतिक कॅलिब्रेशन, म्हणजे गुणोत्तरावरून तापमान काढायची समीकरणं, आहेत त्यांत दोन-तीन अंशांची चूक धरावी लागते. म्हणून "अमुक शतकात २६.४ अंश होते" असं कुणी सांगितलं तर तुम्ही जरूर भुवया उंचवा. एकाच तळ्याच्या एकाच कोअरमध्ये, म्हणजे गाळात नळी दाबून काढलेल्या उभ्या नमुन्यात, वर-खाली काय झालं, चढ की उतार, हे मात्र बऱ्यापैकी भरवशाचं असतं, कारण त्या तळ्याच्या खोडी सगळ्या थरांत सारख्याच असतात.

निवृत्त_मास्तर
"सारख्याच असतात" हे गृहीतक झालं, ताई. तळं दोन हजार वर्षं एकाच खोलीचं राहिलं, तळाशी प्राणवायू तेवढाच राहिला, हे कुणी पाहिलं?

रसायनवाली
कुणी नाही. नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

ही लिपिडं बनवतो कोण, हेच पुष्कळ वर्षं पक्कं नव्हतं. संशय ॲसिडोबॅक्टेरिया गटावर होता. २०२१ मध्ये त्या गटातल्या एका जिवाणूवर प्रयोग झाला आणि प्राणवायू कमी केला की तो ही लिपिडं बनवायला लागतो असं दिसलं. मग २०२२ मध्ये सोलिबॅक्टर नावाच्या त्याच गटातल्या दुसऱ्या जिवाणूला वेगवेगळ्या तापमानांत वाढवलं, तेव्हा फांद्यांचं प्रमाण तापमानाप्रमाणे बदलताना थेट संवर्धनात दिसलं. म्हणजे तापमानाचं नातं खरं आहे, पण प्राणवायूही त्यात ढवळाढवळ करतो. क्षारता आणि पीएच आणखी वेगळे.

दुसरी अडचण खास तळ्यांची. ही लिपिडं डोंगरउतारावरच्या मातीतून पावसाबरोबर वाहूनही येतात आणि तळ्याच्या पाण्यात व गाळात नव्यानेही बनतात. सुरुवातीला लोकांनी मातीचं कॅलिब्रेशन तळ्यांना लावलं, तर उष्ण प्रदेशातल्या तळ्यांचं तापमान प्रत्यक्षापेक्षा बरंच कमी निघालं. म्हणून पूर्व आफ्रिकेतल्या तळ्यांसाठी वेगळं, मग जगभरच्या तळ्यांसाठी वेगळं, अशी समीकरणं आली. २०१४ नंतर आणखी एक सुधारणा झाली. मिथाइलची फांदी साखळीच्या पाचव्या कार्बनवर आहे की सहाव्यावर, हे रेणू आधी एकाच शिखरात मिसळलेले दिसायचे, ते वेगळे करता आले. पाचव्यावरची फांदी तापमानाशी जास्त प्रामाणिक निघाली, सहाव्यावरची पीएचच्या मागे जास्त जाते. एका नमुन्याला यंत्रात तासाहून जास्त वेळ लागतो तो याच बारीक फरकासाठी.

वास्कोतला_वऱ्हाडी
आमच्या लोणारचं नाव कोणी काढलंच नाही राजेहो! उल्का पडून झालेलं सरोवर, पाणी खारट, पीएच दहाच्या घरात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा टीव्हीवाल्यांनी काय काय सांगितलं. शेवटी निघाले ते मीठ-प्रेमी सूक्ष्मजीव.

रसायनवाली
लोणार राहिलंच होतं, बरं झालं आठवण केली. ते गुलाबी करणारे आर्किया, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीवांचा वेगळाच गट, जिवाणू नव्हेत. आर्कियांचीही वेगळी लिपिडं असतात आणि समुद्रातल्या आर्कियांवरून सागरी तापमान काढायची पद्धत २००२ पासून आहे.

लोणारच्या तळातून सुमारे दहा मीटरचा कोअर काढलेला आहे. त्यात जवळजवळ अकरा हजार वर्षांची नोंद मिळाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन लांबलचक अवर्षणं दिसतात, एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचं आणि दुसरं २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचं. पुरावा काय, तर गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक. पाणी आटून खारटपणा अति वाढला तरच ते बनतात. लक्षात घ्या, गोष्ट पावसाची आहे, तापमानाची नाही.

पक्षीवेडा
करमळीच्या तळ्याचा कोअर कोणी काढलाय का? कोकण रेल्वेच्या खिडकीतून दिसतं तेच. हिवाळ्यात शीळ बदकांचे थवे असतात तिथे. रेल्वे आली तेव्हा तळ्याच्या काठावरून मार्ग नको म्हणून किती आरडाओरडा झाला होता, आठवतं?

सुशेगाद_नाही
आता बदकांवर घसरू नका. रेल्वेवर तर नकोच.

खाजनपुत्र
घसरू दे रे, त्यातच मुद्दा आहे. करमळी काय, कुडतरीची तळी काय, कुडचड्याजवळचं नंदा तळं काय (२०२२ ला रामसर झालं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं, ते), ही बहुतेक माणसाने बांध घालून अडवलेली तळी. मानस, म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, उघडली की पाणी शेतात जातं, तळं उघडं पडतं, त्यात गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. आजोबा सांगायचे, गावकारीच्या, म्हणजे गावच्या जुन्या सामाईक कारभाराच्या, काळात बांधाची डागडुजी आणि गाळ काढणं हे ठरलेलं काम होतं, आणि गाळ कुणी किती न्यायचा यावरूनही तंटे व्हायचे. म्हणजे थर कुठला आणि इतिहास कुठला? दर काही वर्षांनी वरचा थर माडांत जातो. तळेकाठी बाब, तुमच्या भाचीला सांगा, तुमच्या आधी तुमच्या खापरपणज्याने ती लिपिडं ओतलीत.

डिचोलकर
आमच्याकडे उलटं आहे. आमच्या तळ्यात गाळ काढूनही कमी होत नाही, खाणीची लाल माती पावसाळ्यात येऊन बसते. खड्डा खणला तर वर तांबडा थर आणि खाली करडा, चिकट, कुजक्या पानांच्या वासाचा. मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. २०१२ ला खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ ला परत बंद. मला नेहमी वाटतं, त्या लाल थरात ही तारखांची मोडतोडसुद्धा नोंदली गेली असेल.

रसायनवाली
@डिचोलकर, हे फार कामाचं निरीक्षण आहे. ज्याची तारीख आपल्याला बाहेरून माहीत आहे असा थर गाळात सापडणं म्हणजे लॉटरीच. किरणोत्सारी शिसे-२१० (अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं) गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांपर्यंत तारखा देतं, १९६३ च्या सुमाराला अणुचाचण्यांच्या सिझियमचं शिखर येतं, त्यापलीकडे कार्बन-१४. तुमची लाल-करडी रेघ यांना ताडून बघायला उपयोगी पडेल. लिपिडसाठी मात्र लाल थर वाईट, कारण खाणीच्या खोल मातीत जिवाणूंची लिपिडं अगदी कमी आणि जी आहेत ती तळ्याची नव्हेत.

@खाजनपुत्र यांच्याशी बरीच सहमत. आता मास्तरांना आवडेल असा एक मुद्दा, जो मी मुद्दाम मागे ठेवला होता. फांद्यांचा जो निर्देशांक आपण काढतो तो ० ते १ मध्येच फिरतो. कमी फांद्यांच्या रेणूंचा वाटा जितका जास्त तितका तो १ कडे सरकतो. गोव्याचं वार्षिक सरासरी तापमान २७ अंशांच्या आसपास आहे. एवढ्या उष्म्यात जवळजवळ सगळे रेणू चार फांद्यांचेच असतात, निर्देशांक १ ला टेकतो आणि तापमान आणखी वाढलं तरी हलायला जागा उरत नाही. पट्टीचं टोकच येतं म्हणा. गोव्यातल्या सखल तळ्यात हे साधन तापमानासाठी वापरणं मला तरी पटत नाही.

निवृत्त_मास्तर
हे आधी सांगायचं होतं! मी उगाच चूक किती अंशांची यावर भांडत बसलो.

सड्यावरचा
वास्कोत हेडलँड सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, तिथल्या खुल्या दिवसाला मुलांना घेऊन गेलो होतो. अंटार्क्टिकात 'मैत्री' स्थानकाच्या बाजूला प्रियदर्शिनी नावाचं तळं आहे, स्थानकाचं पाणी तिथूनच येतं, असं कळलं. तसल्या थंड तळ्यांत तर हा निर्देशांक छान चालत असेल?

रसायनवाली
जागा भरपूर असते, हो. पण तिथे भानगड वेगळी. वर्षातला बहुतेक काळ तळं गोठलेलं, मग लिपिडांत उतरतं ते मुख्यतः उन्हाळ्याचं तापमान. वार्षिक सरासरी म्हणून वाचलं की फसगत. म्हणून नव्या समीकरणांत शून्यावरच्या महिन्यांचीच सरासरी धरतात.

आपल्याजवळचं उदाहरण हवं तर निलगिरी. तिथल्या सँडीनल्लाच्या पीटवर १९९३ मध्ये कार्बन समस्थानिकांचं काम झालं. गवताळ आणि झाडोऱ्याच्या प्रमाणावरून वीस हजार वर्षांतला कोरडा-ओला काळ काढला. उंची दोन हजार मीटरच्या वर, हवा गार, पीट न उपसलेलं. या लिपिडांसाठी तशी जागा मला गोव्यापेक्षा कितीतरी बरी वाटते.

तळेकाठी
म्हणजे भाचीला सांगू की तळ्यात काही नाही? ती ऐकणारी नाही. ती हा धागा वाचतेय आणि तिचा प्रश्न असा: तापमान नाही तर पाऊस कळेल का?

रसायनवाली
भाचीला नमस्कार सांगा, प्रश्न बरोबर आहे. गोव्याच्या हवामानात जुन्या काळी जो मोठा फरक पडला असेल तो पावसातच शोधायला हवा, आणि त्यासाठी जिवाणूंपेक्षा पानांवरचं मेण बरं. पानांच्या मेणात २९, ३१ कार्बनच्या साखळ्या असतात, त्याही गाळात टिकतात. त्यांतल्या हायड्रोजनचं जड-हलकं प्रमाण पावसाच्या पाण्यातून येतं. आपल्याकडे जोरदार मॉन्सूनच्या काळातलं पाणी हलकं असतं, म्हणजे त्यात जड हायड्रोजन कमी. जिवाणूंची लिपिडं सोबत मोजायची ती माती किती वाहून आली, तळाशी प्राणवायू होता की नव्हता, यासाठी.

खाजनपुत्र
एक विचार आला. तळं माणसाने बांधलेलं. म्हणजे खोल गेलं की कधीतरी तळ्याचा गाळ संपून जुन्या शेताची नाहीतर ओहोळाची माती लागणार. मातीची लिपिडं आणि पाण्यात बनलेली लिपिडं वेगळी ओळखता येत असतील तर बांध कधी घातला ते सांगता येईल? आमच्याकडे प्रत्येक जण आपलं तळं कदंबांच्या काळचं म्हणतो. पुरावा कुणाकडे नाही.

निवृत्त_मास्तर
हा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा चांगला आहे.

रसायनवाली
@खाजनपुत्र, करता येण्यासारखं आहे. एकट्या लिपिडांवर मात्र मी सही करणार नाही. प्राणवायू नसलेल्या भातशेतात आणि तळ्यात फरक करणं नाजूक असतं, वायंगणाचं शेतही महिनोन् महिने पाण्याखालीच असतं. सोबत डायटम बघायचे. पाण्यातल्या या एकपेशीय शैवालांची सिलिकाची कवचं टिकतात आणि उभ्या पाण्याचे व वाहत्या पाण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. परागकणही बघायचे. तिन्हींनी एकाच खोलीवर "इथून तळं सुरू" म्हटलं आणि त्याच्या लगेच वरच्या पानाच्या तुकड्याचं कार्बन-१४ केलं, तर बांधाचं वय मिळेल. मुख्य म्हणजे गाळ काढताना वरचा भाग जातो, हा तळचा सांधा बहुतेक वेळा राहतो. जेसीबी खोल गेला तर तोही जातो.

डिचोलकर
तर जेसीबीवाल्याला खोली आधीच बांधून द्या. ते लोक "थोडं आणखी" म्हणत खालचा चिकण फोडतात, मग तळं पाणी धरत नाही. आमच्या शेजारच्या गावात तेच झालं. हवामान राहू द्या, पाण्यासाठी तरी चिकण सोडा.

तळेकाठी
हे पटलं, पंचायतीत हाच मुद्दा चालेल. लिपिड म्हटलं तर हसतील, पाणी झिरपेल म्हटलं तर ऐकतील. आता भाचीला नमुना घ्यायचाच आहे. घरगुती उपाय?

रसायनवाली
यंत्र यायच्या आधी, चिखल मऊ असतानाच घ्या. दोन मीटरचा जाड पीव्हीसी पाईप, आतून स्वच्छ धुतलेला, साबणाचा अंश नको. जागा मानशीपासून लांब निवडा, तिथे पाण्याच्या ओढीने थर उलटेपालटे झालेले असतात. गुरांची आणि पोरांची वाटही नको. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, गाळ काढणारे नेहमी कुठपर्यंत यायचे. ज्या कोपऱ्यात कुणी उतरत नाही तोच आपला. पाईप सरळ दाबायचा, फिरवायचा नाही. वरचं टोक कुठलं ते लगेच पाईपवर खुणेने लिहायचं, नाहीतर नंतर हजार वर्षं उलटी वाचाल. मग उभाच ठेवून थंड जागी. कापताना कडेचा पातळ थर खरवडून टाकायचा, कारण पाईप आत जाताना वरचा चिखल कडेने खाली ओढतो. एकेका सेंटिमीटरच्या चकत्या ॲल्युमिनियमच्या पन्नीत गुंडाळून फ्रीझरमध्ये. आणि डोंगरउतारावरची मूठभर माती वेगळी घ्या, तुलनेला लागते. विश्लेषण विद्यापीठातल्या किंवा संशोधन संस्थेतल्या कुणाबरोबर करावं लागेल, ते तिच्या शिक्षकांना विचारू दे.

सुशेगाद_नाही
फ्रीझरमध्ये बांगड्याच्या शेजारी ठेवलेलं चालेल का?

रसायनवाली
बांगडा गुंडाळून ठेवा. माशाचं तेल नमुन्यात नको.

वास्कोतला_वऱ्हाडी
पाईप आत जाईल हो, पण बाहेर कसा काढता? आमच्याकडे विहिरीच्या गाळात केलं होतं, वर ओढला की सगळा माल खाली सुटला.

रसायनवाली
वर ओढायच्या आधी वरचं तोंड बुचाने घट्ट बंद करायचं, त्याआधी पाईप पाण्याने काठोकाठ भरून. आत हवा राहिली की माल सुटतो. खालचं टोक पाण्याबाहेर यायच्या आत हात घालून दुसरं बूच लावायचं. दोघं तरी लागतात, एक ओढायला आणि एक चिखलात उतरायला.

तळेकाठी
चिखलात उतरायला भाची तयार आहे. ओढायला मी. रविवारी सकाळी.

खाजनपुत्र
मी येतो. पण कोपरा कुठला ते ठरवताना वरच्या वाड्यावरच्यांनाही विचारा, नाहीतर "आमच्या बाजूचा गाळ का सोडला" म्हणून पुढच्या ग्रामसभेत तेच चालेल.